येगोरच्या हातची चूल

"शी! ही काय चूल म्हणायची की कपाट?"

ओक्त्याब्रिनाने दुकानात पाऊल टाकताच हे म्हटलं, आणि तेही इतक्या मोठ्याने, की पाव घ्यायला आलेल्या दोन बायका मागे वळल्या. वादिम दुकानदार हसत राहिला. तंबूत लावायच्या लाकडाच्या चुली त्याने शहरातून मागवल्या होत्या. जाड पोलादाच्या, चकचकीत, पुढे काचेचं दार.

"मावशी, काचेतून आग दिसते. निवांत बसून बघत राहायचं."

"आग बघत बसायला मी काय अंथरुणाला खिळलेय? आणि काच काळी झाली की घासणार कोण, तुझी सासू?"

तिने बोटांनी चूल वाजवून पाहिली. मठ्ठ आवाज आला. असली चूल तापेपर्यंत आतली माणसं गारठून निळी पडायची. मग ती खाली वाकली आणि तिचं तोंडच वाकडं झालं. चुलीला चार पाय चिकटवले होते.

"हे कशाला?"

"उभी राहायला."

"अरे, एव्हेंकीच्या पोटी जन्मलास ना तू? की कुणी पार्सलने पाठवलं?"

चुलीला पाय नसतात, हे उस्त-कामदा गावात रेनडिअर पाळणाऱ्या एव्हेंकींच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जिथे मुक्काम पडेल तिथे लार्च झाडाच्या ओल्या खुंट्या तोडायच्या, जमिनीत ठोकायच्या, त्यांवर चूल ठेवायची. मुक्काम हलला की धुराड्याचे तुकडे चुलीच्याच पोटात घालायचे आणि चूल रेनडिअरच्या एका अंगाला टांगायची, दुसऱ्या अंगाला तेवढ्याच वजनाचं पीठ. हे असले पाय दर पावलाला जनावराच्या बरगड्यांत घुसणार. संध्याकाळी कातडं सोललेलं, आणि उन्हाळा असेल तर चार दिवसांत जखमेत अळ्या. ती काही न घेता बाहेर पडली.

पण रिकाम्या हाताने किती फिरणार? आज मंगळवार. शनिवारी कळप वीण व्हायच्या कुरणाकडे निघणार होता. कळप राखणाऱ्या टोळीचा मुकादम सेम्योन सरळ माणूस, त्याने सरळच सांगितलं होतं, "वहिनी, चूल असेल तर तू चल. नसेल तर मी लिडाला नेतो, तिच्याकडे तिची आहे." लिडा! जिच्या रश्शात केस सापडतात ती लिडा!

छत्तीस वर्षं ओक्त्याब्रिनाने या टोळीला रांधून घातलं होतं. जन्म तंबूतला. सातव्या वर्षी हेलिकॉप्टरने उचलून वसतिगृहाच्या शाळेत नेलं, तेव्हा तिथल्या खोल्या गरम ठेवणाऱ्या नळ्यांच्या तापलेल्या रंगाच्या वासाने ती महिनाभर ओकत होती. शाळा सुटली त्याच दिवशी ती कळपाकडे परतली. आता हिवाळ्यात लेकाकडे, अर्काडीच्या घरी राहायची. तिथेही त्याच नळ्या होत्या. ती ऊब तिला शिळी वाटायची, दुसऱ्या कुणीतरी आधी वापरून झाल्यासारखी. मार्च उजाडला की ती दिवस मोजायला लागायची.

तिची चूल येगोरने, तिच्या नवऱ्याने केली होती. पातळ पत्रा, चहाचं पाणी ठेवेपर्यंत लालबुंद. येगोर जाऊन चार वर्षं झाली, चूल मात्र टिकली होती. पण गेल्या पानगळीत अर्काडी म्हणाला, "आई, छपराचं पाणी गळून चूल गंजली गं. तळच गेला. फेकून दिली." ती त्या दिवशी जेवली नव्हती.

बुधवारी ती वेल्डिंगवाल्या रुस्लानकडे गेली. त्याने एक चूल तयारच ठेवली होती, हलकी, बिनपायांची. क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने सुरीचं टोक पत्र्यावर ओढलं.

"हा जस्ती पत्रा आहे. बादल्यांचा."

"मग? चमकतो की छान."

"तापला की पांढरा धूर सुटतो, तोंड गोड गोड होतं आणि माणूस तापाने फणफणतो. मला रांधायचंय रे मेल्या, टोळी मारायची नाहीये!"

"तुला काहीच पसंत पडत नाही, मावशी. नवरी शोधतेयस का चूल?"

"नवरी शोधायची असती तर तुझ्याकडे आले असते का?"

ती तणतणत घराकडे वळली. गल्लीच्या तोंडाशीच तिच्या नाकात वास शिरला. जळकं प्लास्टिक, आणि त्यात आणखी काहीतरी, आंबूस, घाण. पदराने नाक दाबावं तसं तिने रुमालाने दाबलं आणि वासामागे गेली. शेजारच्या तोल्याच्या गॅरेजचं दार उघडं होतं. तोल्या स्टुलावर बसून बाळाची भरलेली लंगोटं, बाटल्या आणि माशांची आतडी एका चुलीत कोंबत होता. मध्येच तो आगीत पचकन थुंकला.

चूल येगोरची होती. चुलीच्या दाराच्या बिजागरीला त्याने लावलेला तांब्याचा खिळा तिने लांबूनच ओळखला. तळ शाबूत होता.

ओक्त्याब्रिना दाराबाहेर वाकली आणि ओकली.

"मावशी! काय झालं? अगं, अर्काडीनेच दिली मला," तोल्या घाबरून उठला. "पानगळीत. त्याच्या गाडीचे प्लग बदलून दिले मी, त्याबद्दल. कचऱ्याला बरी म्हणून..."

"आगीत थुंकतोस?" तिला एवढंच बोलता आलं. "आगआजीच्या तोंडावर थुंकतोस?"

घरी सून स्नेझाना भांडी विसळत होती. सासूचा चेहरा पाहून तिने नळ बंद केला. अर्काडी टीव्हीसमोर होता.

"गंजली होती ना रे?"

अर्काडीने आवाज कमी केला. त्याला सगळं कळलं.

"आई, तू चौसष्ट वर्षांची आहेस. इथे गरम आहे, पाणी आहे. काय मेलं आहे त्या तंबूत? मला वाटलं, चूल नसली की..."

"की मी गप बसेन. खुर्चीसारखी."

"तुमच्या भल्याचंच..." स्नेझाना मध्ये बोलायला गेली.

"तू गप गं. तुझा दोष नाही." ती लेकाकडे वळली. "खोटं बोललास, ते मी गिळेन. आईशी खोटं सगळेच बोलतात. पण बापाच्या चुलीत लोकांचं हगणं जाळायला दिलंस? तुझ्या हातचा चहासुद्धा घशाखाली उतरणार नाही माझ्या. किळस येते मला तुझी."

अर्काडीचं तोंड उतरलं.

तोल्याकडून चूल उचलून आणून दोन दिवस तिने ती वाळूने आणि बर्फाने घासली. नखं तुटली. रानातल्या वासाच्या झुडपाचा धूर आतून तीनदा फिरवला. तरी तिला वाटेना की झालं. चूल धुतली जाते, पण आगीचा अपमान कुणी धुवायचा? बाटलेल्या आगीवर टोळीला रांधणं तिला जमणार नव्हतं.

शनिवारी सकाळी घसरगाड्या जुंपून सेम्योन अंगणाबाहेर थांबला होता. ओक्त्याब्रिनाने बर्फात खुंट्या ठोकल्या, चूल ठेवली, पेटवली. मग दारात उभ्या असलेल्या अर्काडीच्या हातात चरबीचा गोळा दिला.

"घाण तू घालायला लावलीस, माफी तूच मागायची. आपल्या भाषेत."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. नाही मागितलीस तर ही चूल इथेच राहील. मीही राहीन, आणि मरेपर्यंत तुझ्याशी बोलणार नाही."

शेजारी कुंपणाशी गोळा झाले होते, तोल्यासुद्धा. अर्काडी गुडघ्यांवर बसला. एव्हेंकी तो वीस वर्षांत धड बोलला नव्हता. शब्द शोधून शोधून, लहान पोराच्या तोडक्या बोलीत तो चुलीला म्हणाला,

"आगआजी, चुकलो. राग माझ्यावर धर, हिच्यावर नको. हिचा डावा पाय गार पडतो, त्या बाजूला जास्त ऊब दे." तो अडखळला. "बाबा गेले, ते मला चार दिवसांनी कळलं. मी इथे टीव्ही बघत होतो. हिच्या वेळी तसं होऊ देऊ नकोस, आजी."

त्याने चरबीचा तुकडा तोडून आगीत टाकला. आग चरचरली.

ओक्त्याब्रिनाने सेम्योनच्या गाड्यांकडे तोंड फिरवलं.

"तुकडा केवढासा टाकलास!" ती खेकसली. "एवढं मागायचं, तर मोठा टाक."