लवादाच्या घरची संक्रांत

लग्नपत्रिका छापण्यात श्रीहरीकाकांचा हात धरणारा राजवाड्यामागच्या गल्लीत कुणी नव्हता. मराठी घरची पत्रिका असो की हिंदी, कुणाचं नाव आधी घालायचं, कोणत्या आत्याचं राहिलं तर मांडवात रुसवा होईल, हे त्यांना गिऱ्हाइकाच्या आधी कळायचं. गेली चार वर्षं मात्र छापखान्याच्या शटरला सील आहे, आणि काका एकसष्टाव्या वर्षी रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कुठेही जात नाहीत.

भांडण चुलतभाऊ लक्ष्मीकांतशी. छापखाना दोघांच्या भागीदारीतला. लक्ष्मीकांतला तो मोडून जागा विकायची होती. "दादा, अब कार्ड छापतं कोण? सब व्हॉट्सॲपवर जातं." काकांना तो चालवायचा होता, कारण त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. करारात थोरल्यांनी लिहून ठेवलं होतं, वाद झालाच तर पंचाकडून मिटवावा. पंच कोण, यावरही दोघांचं जमेना, तेव्हा हायकोर्टानंच लवाद नेमून दिला: निवृत्त जिल्हा न्यायाधीश कृष्णराव, राहणार अन्नपूर्णा वस्ती. निकाल लागेपर्यंत छापखाना बंद.

आता हिंदी मुलखात मराठी माणसाला मराठी लवादाच्या घरी पाठवणं म्हणजे काय, हे हायकोर्टाला कोण सांगणार! सुनावणी कृष्णरावांच्या पुढच्या खोलीत. चपला दाराबाहेर काढायच्या. आतून आल्याचा चहा यायचा, दोन्ही बाजूंना सारखाच. कोर्टात काका घाबरून ताठ बसले असते. इथे ते पाहुण्यासारखे बसत आणि पाहुण्यासारखेच परत येत. तारीख, चहा, उलटतपासणी, पुढची तारीख. सुरुवातीला लक्ष्मीकांतचा संताप यायचा, झोप उडायची. मग संतापही यायचा बंद झाला. वसुधाकाकू जेवायला वाढताना विचारायच्या, "आज काय झालं?" काका म्हणायचे, "झालं."

शेवटचा युक्तिवाद नेमका संक्रांतीला आला. संक्रांतीला कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जातात का? काकूंनी तिळाच्या वड्यांचा डबा भरून दिला आणि काकांनी तो फायलींच्या पिशवीत ठेवला. काम संपल्यावर त्यांनी सगळ्यांना वड्या दिल्या. टायपिंग करणाऱ्या क्षितिजाला, दोन्ही वकिलांना, लक्ष्मीकांतलासुद्धा. लक्ष्मीकांत म्हणाला, "वहिनींच्या हातची चव वही है, दादा." मग आले कृष्णराव. वयानं मोठे, हातात तिळगूळ, पाय समोर. काका वाकले. आणि सत्तरी ओलांडलेल्या कृष्णरावांच्या तोंडून उभ्या जन्माच्या सवयीनं निघून गेलं, "यशस्वी व्हा."

लक्ष्मीकांतचा वकील अर्पित वडी चघळायचा थांबला.

पंधरा दिवसांत आक्षेप दाखल झाला. लवादानं निकालाआधीच एका पक्षकाराला यशाचा आशीर्वाद दिला, सबब ते निःपक्षपाती नाहीत. खाली लक्ष्मीकांतची सही. त्यानं स्वतः दोन वड्या खाल्ल्या होत्या, त्याचा उल्लेख अर्थातच कुठे नव्हता.

कृष्णरावांनी कागद दोनदा वाचला. काकांचे वकील "सर, ये तो रिवाज है, घर घर में..." म्हणत उठले, त्यांना हातानंच बसवलं. "आशीर्वाद मी दिलाय," ते म्हणाले. "यात खोटं काय आहे?" आणि चार ओळी लिहून काम सोडलं.

म्हणजे पुन्हा हायकोर्ट, पुन्हा नवा लवाद, तो कागद पहिल्यापासून वाचणार, आणि तोवर शटर तसंच. काकांना वाटलं, आता आपण ओरडू, निदान छातीत काहीतरी होईल. काहीच झालं नाही, आणि त्याचीच त्यांना जराशी भीती वाटली. दारात लक्ष्मीकांत पुटपुटला, "दादा, मसुदा वकिलाचा होता. मैंने तो बस साइन किया." काका म्हणाले, "हो का." लक्ष्मीकांतच्या चपला ढिगात खाली गेल्या होत्या, त्या काकांनी पायानं त्याच्याकडे सरकवल्या.

आठवड्यानं काका आपले कागद परत आणायला गेले. पुढच्या खोलीत क्षितिजा एकटीच होती. तिनं फायली दिल्या, पावतीवर सही घेतली आणि आतल्या दाराकडे बघत हळूच म्हणाली, "काका, निकाल लिहून झाला होता. मीच टाइप केला. बताना नहीं चाहिए, पण माझ्यानं राहवत नाही. सांगू?"

काका फायली पिशवीत भरू लागले. चार वर्षं ज्या एका वाक्यासाठी ते तारखांना येत होते, ते या मुलीच्या ओठांवर होतं. वड्यांपायी आक्षेप आल्यापासून वसुधाकाकू त्यांच्याशी मान वर करून बोलल्या नव्हत्या, हेही आत्ताच, इथे उभं असताना त्यांच्या लक्षात आलं.

"नको, बेटा," ते म्हणाले. "वड्या तुझ्या काकूनं केल्या होत्या. मी जिंकलो होतो असं कळलं, तर घरी जाऊन तिच्याकडे बघू कसा?"