मुशीचं तेल

आमची होडी टिकली ती मी मुंबईहून आणलेल्या वार्निशमुळे, असं पाचूबंदरात अजून सांगतात. ते खोटं आहे. ती टिकली शेजाऱ्याच्या उपकारामुळे.

तो स्वतःच्या होडीला मुशी माशाचं तेल चोळायचा. त्याचा उग्र वास त्याच्या केसांना, रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जातानाच्या कोटालासुद्धा यायचा. प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच द्यायची त्याला खोड होती. माझं वार्निश बघून म्हणाला, "चकाकतं कशाला? म्हावऱ्यांना तोंड बघायला!" मी त्याला चारचौघांत घाणेरडा म्हटलं.

नवी होडी पाण्यात लोटायच्या आदल्या दिवशी उन्हानं वार्निशला फोड आले. बाबा बाजारात गेले होते. त्यांनी ते पाहिलं असतं, तर होडी चालवणारा प्रमुख, तांडेल म्हणून माझ्याऐवजी धाकट्या भावाला नेमलं असतं. शेजारी आला, माझ्याबरोबर वार्निश खरवडायला बसला आणि स्वतःच्या होडीसाठी राखलेलं तेल संध्याकाळपर्यंत आमच्या फळ्यांत जिरवत राहिला.

सकाळी तेल प्यायलेल्या फळ्या वार्निश लावल्यासारख्याच चकाकत होत्या, पण बाबा होडीजवळ येऊन थबकले. "मुशीचा वास कुठून येतो रे?"

शेजारी पटकन आमच्या होडीला पाठ टेकून उभा राहिला. "माझाच, काका. दुसऱ्या कोनाचा येनार?"

"मग लांब उभा रा की! नव्या होडीला लागेल."

सगळे हसले. तोही हसला, पण मी तांडेल म्हणून होडीत चढेपर्यंत तिथून हलला नाही.