पाणी प्यालीस का?

आमच्या नगराध्यक्षबाई भेटायला आलेल्या बाईमाणसाला आधी एकच विचारायच्या, "सकाळपासनं पाणी प्यालीस का?" मग तांब्या पुढे करायच्या आणि ती पिते की नाही ते बघत बसायच्या. मी त्यांच्या केबिनबाहेरचा कारकून. मला वाटायचं, अगत्य असेल, दुसरं काय.

नगरपालिकेतल्या त्या पहिल्या बाई अध्यक्ष. जागा बायकांना सुटली म्हणून पुढाऱ्यांनी त्यांना उभं केलं. कारभार त्यांचे मालक आप्पा बघतील, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. पहिल्या दिवशी त्यांच्या खुर्चीशेजारी आप्पांची खुर्ची मांडलेली. बाईंनी ती पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "अवं, तुमी घरी जावा. जेवान झाकून ठिवलंय." आप्पा गेले. पुढाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. ते हे कधीच विसरले नाहीत.

तांब्याचा अर्थ मला नंतर कळला. भांडगावकडून भाजी घेऊन येणाऱ्या बायका दिवस मावळेपर्यंत बाजारात बसायच्या, पण घोटभर पाणी प्यायच्या नाहीत, कारण नंतर जायचं कुठं? कुरकुंभच्या कारखान्यांतले शिफ्टचे गडी कंपनीच्या बसची वाट बघताना खुशाल भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. त्यांची काहीच अडचण नव्हती.

बाईंना बायकांसाठी स्वच्छतागृह हवं होतं, तेही बाजाराच्या मधोमध, जिथे जायला कुणी भिणार नाही. सभेत हशा पिकला. चौकात असलं काही शोभतं का, असं एका नगरसेवकाने विचारलं. बाई म्हणाल्या, "बायका दिसभर तहानेल्या बसत्यात, ते शोभतंय व्हय?"

भांडून भांडून त्यांनी ते बांधून घेतलं. किल्ली स्वतःच्या कमरेला. बाजाराच्या दिवशी स्वतः जाऊन कुलूप काढायच्या. गावाने त्याचीही यथेच्छ टिंगल केली.

मुदत संपली, आरक्षण उठलं. तिकीट मागायला गेल्या, तर आता जागा बायकांची राहिली नाही असं सांगून, चहा पाजून परत पाठवलं. नव्या अध्यक्षसाहेबांनी आधी किल्ली मागवून घेतली. वाढदिवसाचे फ्लेक्स ठेवायला ती जागा त्यांना बरी वाटली. बाई बाजाराच्या दिवशी त्या कुलपासमोर जाऊन उभ्या राहायच्या. काकू, आता आराम करा, असं म्हणून पोरंटोरं त्यांना बाजूला करायची. एकदा मला म्हणाल्या, "मला खुर्ची नगं रं. त्येवढं कुलूप काढाय सांग." मी सांगितलं. कारकुनाचं कोण ऐकतो?

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. शोकसभेचा मांडव बाजारातच, त्या कुलपासमोर घातला. फ्लेक्सवर बाईंचा फोटो लहान, साहेबांचा मोठा. चौकाला बाईंचं नाव द्यायचं जाहीर झालं, साहेब गहिवरले. मला ते बघवेना.

भाजीवाल्या पाट्या झाकून आल्या होत्या. ऊन मी म्हणत होतं. कार्यकर्त्यांनी सगळ्यांना गार पाण्याच्या बाटल्या वाटल्या. बायकांनी त्या घेतल्या, मांडीवर ठेवल्या, पदराने डोळे पुसले. सभा संपेपर्यंत एकीनेही बाटली उघडली नाही.