मी घातला नाही तो गोफ

“अगं बाई, चांभार होय तुम्ही?”

काकू एवढंच म्हणाल्या. तेही हळू, माझ्या कानाशी. आणि बसल्या जागी पदर ओढून घेतला, माझ्या बाजूचा. मी काय केलं? हसले. म्हटलं, “नाही हो, चपलांचं दुकान होतं नुसतं.”

हे कुठे, तर ह्यूस्टनला, युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची मीना बिझनेस शिकत होती. अगदी वरच्या मार्कांच्या मुलांनाच घेतात अशी एक ऑनर सोसायटी असते, ग्रीक अक्षरांच्या नावाची. तिच्यात मीनाची निवड झालेली. मी चौथीपर्यंत शाळेत गेलेली, पुढचं सगळं हाताला लागेल ते वाचून शिकलेली. मला कोण आनंद! शुगर लँड या उपनगरातल्या आमच्या शेजारच्या काकूंना मीच आग्रहाने घेऊन गेले. मिरवायला. खोटं कशाला बोलू?

तिथली रीत अशी, की मुलाने माइकवर यायचं, आपण कुणामुळे शिकलो ते सांगायचं, मग घरच्या माणसाने उठून त्याच्या गळ्यात सोनेरी गोफ घालायचा. मीना इंग्रजीत बोलली, पण एक शब्द मराठीच ठेवला. माझे आजोबा चांभार होते, म्हणाली. नफा म्हणजे काय, ते मी सुट्टीत भारतात त्यांच्या दुकानात बसून शिकले.

इतकी वर्षं झाकलं होतं आम्ही. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळायचं नाही. नवरा तेल कंपनीत इंजिनियर, त्या दिवशी कामासाठी परगावी. उठायचं मलाच होतं.

मी उठले नाही.

मीना माझ्याकडे बघत राहिली. शेवटी प्रोफेसरांनीच गोफ घातला. तिने मान वाकवली, ती त्यांच्यापुढे.

गाडीत विचारलं तिने, “आई, व्हाय डिडन्ट यू कम अप?”

“गुडघा धरला गं.”

“ओके.” आणि तिने रेडिओ लावला.

थोड्याच दिवसांत आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. “वहिनी, गुणगौरवात मीनाचं नाव घेतोय हं. फक्त ते आजोबांचं वगळू या. उद्योजक घराणं म्हणू. उद्या पोरीचं लग्न करायचंय तुम्हाला.”

काकूंनी पोचवलं होतं तर.

मला सासरे आठवले, मीनाचे ते आजोबा. सुनेने वाचावं म्हणून रद्दीतून पुस्तकं निवडून आणायचे. त्यांना मी त्या हॉलमध्ये नुसता दुकानदार करून टाकलं, आणि हा माणूस आता उद्योजक करत होता.

“भाऊ, चांभार म्हणा,” मी म्हटलं. “मोठ्याने म्हणा. जमत नसेल तर यादीतून नाव काढून टाका.”

“अहो, रागावताय काय? आमच्या मनात तसलं काही नसतं.”

“मग तोंडात यायला काय हरकत आहे?”

नाव काढून टाकलं त्यांनी.

मीनाला सांगितलं. वाटलं, जवळ घेईल. “यू शुड हॅव स्टूड अप देअर, आई,” म्हणाली. “फोनवर काय?”

बरोबर बोलली. ते ओझं माझं आहे आणि ते उतरू नये.

अजूनही कुणाकडे जेवायला गेलं की विचारतातच, गोड आवाजात, “मूळचे कुठले तुम्ही?” गाव नकोच असतं त्यांना. मी जात सांगते. ताटावरचे हात थांबतात. थांबू देत. मी पुढचा घास घेते.