शिकंज्यातलं चित्र

अंगात येणं, करणी, भानामती... असल्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जाणारा माणूस. तरी हे लिहितोय, कारण मनात ठेवून चैन पडत नाही.

महाराज गादीवर आले त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. कोल्हापुरात, मंगळवार पेठेत माझं पुस्तकं बांधायचं दुकान, मागं घर. एका पाद्री साहेबांनी जुनं विलायती पुस्तक बांधायला दिलं. धर्म सोडला नाही म्हणून रोमच्या बादशहांनी मारलेल्या ख्रिस्ती माणसांची चित्रं होती त्यात. तांब्याच्या पत्र्यावर तेजाबानं कोरून छापलेली, केसाएवढ्या बारीक रेघांची. त्यातली एक बाई खांबाला दोरीनं बांधलेली... पायाशी लाकडं रचलेली.

पानं शिवायचं काम माझी बायको काशी करायची. तिचे दिवस भरले होते. आधीची दोन लेकरं जन्मताच गेलेली, त्यामुळं आम्ही दोघं धास्तावलेलो. ते पान शिवताना ती म्हणाली, "किती आवळलंय वो हिला."

"कागद हाय त्यो. शीव गप," मी खेकसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तकाला खळ लावून ते शिकंज्यात दाबलं, आणि तिला कळा सुरू झाल्या. दुपार टळली तरी मूल अडलेलंच. सुईण दारात येऊन म्हणाली, "घरातलं समदं सोडा. गाठी, कुलपं, कड्या... कायबी बांधल्यालं ठेवू नगासा."

बाळंतीण अडली की आपल्याकडं असं करतातच. माझा विश्वास नव्हता, पण भीतीपुढं विश्वास कोण विचारतो! गाठोडी सोडली, कुलपं काढली, कमरेचा करगोटासुद्धा तोडला. काही उपयोग नाही. मग आतून काशीचा आवाज आला, अगदी क्षीण — "त्या बाईची ऱ्हायली की..."

खळ ओली होती. शिकंजा उघडला तर पुठ्ठे वाकणार, साहेबांचं काम नासणार. तरी उघडला. छापलेली दोरी सोडायची कशी, हाच विचार करत ते पान काढलं, तर दोरी तिच्या पायाशी पडलेली. हात मोकळे. बोट फिरवून पाहिलं, भिंग लावून पाहिलं — कागद कुठंही खरवडलेला नव्हता. तेवढ्यात आत मूल रडलं.

मुलगी झाली. दोघी वाचल्या. संध्याकाळी काशीनं विचारलं, "सुटली का ती?"

"सुटली."

"मग गेली?"

"व्हय, गेली."

खोटं बोललो. ती बाई खांबाला पाठ लावून तिथंच उभी होती. दोरी कशी सुटली, मला आजवर उमगलेलं नाही. पण जीव खातो तो दुसराच प्रश्न — सुटल्यावरही ती का गेली नाही?