समितीची केस

“वळ गं. पाठ दाखव यांना.”

पंखा लाव म्हणावं, तसं मॅडमनं म्हटलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. साकोलीतला त्यांचा बंगला, खालचा मोठा हॉल, सोफ्यावर, खुर्च्यांवर बायका. डॉक्टरांच्या बायका, वकिलांच्या बायका, कॉलेजात शिकवणाऱ्या दोघी-तिघी. काळ्या साड्या, नव्या, कडक. मी चहाचा ट्रे घेऊन मधोमध उभी.

“ही आमच्या समितीची केस. नवऱ्यानं बैल हाकायच्या तुतारीनं मारलंय हो. वळ ना, लाजतेस काय? बायकाच आहेत सगळ्या.”

केस. माझं नाव त्यांना चांगलं माहीत होतं. भांडी पडली असली की नावानं हाक मारायच्या. पाहुण्या आल्या की मी केस.

दोघी-तिघींनी मोबाइल वर केले. एकीनं तोंडात तिळगुळ होता तसाच ठेवून “अरेरे” म्हटलं.

याआधी मी पाठ दाखवली होती. पहिल्यांदा मॅडमच्या महिला समितीतल्या बायांना. मला वाटलं, तक्रार अशीच लिहीत असतील. दुसऱ्यांदा एका पेपरवाल्याला. तेव्हा माझं तोंड पदरानं झाकलं आणि पाठ उघडी ठेवली. त्याला ते लोक अब्रू जपणं म्हणत होते.

म्हणून त्या दिवशीही मी वळलीच असती. पण माझी पोरगी मध्ये आली. सात वर्षांची. ती तिळगुळाची वाटी घेऊन बायांमध्ये फिरत होती. मी हलत नाही हे तिनं पाहिलं. वाटी खाली ठेवली, माझ्या मागं आली, माझा पदर बाजूला केला आणि ब्लाउज मागून वर सरकवायला लागली.

“थांब न आई, मी दाखवते.”

तिला वाटलं, हेही घरकामच आहे. कप उचलायचे, फरशी पुसायची, पाहुणे आले की आईची पाठ दाखवायची.

“किती समजूतदार आहे हो!” एक बाई म्हणाली.

एवढं शिकून ही अक्कल. त्या हॉलमध्ये एकीचाही मोबाइल खाली गेला नाही. मी ट्रे टीपॉयवर आपटला. चहा सांडला, काचेवर, कोणाच्या तरी पर्सवर. पोरीचा हात धरून माझ्या अंगावरून काढला.

“नाई दाखवत,” मी म्हटलं.

मॅडम हसल्या. “थकलीय आज,” त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. केसही थकते कधीकधी.

मी त्यांच्याकडे आली कशी, ते सांगते.

माझं सासर पवनीकडचं. धानाची शेती, घरी बैलजोडी. नवरा दारू पीत नव्हता, हे मुद्दाम सांगते, कारण सगळ्यांना वाटतं दारूच मारते. तो शुद्धीत मारायचा. भाजीत मीठ कमी, मार. धानाच्या बांधीतून पाणी फुटलं, मार. ज्या दिवशी तुतारी त्यानं पोरीवर उचलली, त्या दिवशी मी तिला घेऊन निघाली.

माहेर साकोलीजवळ. भाऊ म्हणाला, “दोन दिवस राह्य. मंग पाहू.” दर वर्षी माझ्याकडून राखी बांधून घेणारा भाऊ. त्याच्या रक्षणाची मुदत दोन दिवसांची. मग त्यानंच मला गाडीवर बसवून मॅडमच्या गेटवर सोडलं. “मोठी बाई आहे. बायांसाठी समिती चालवते.”

मॅडमनं ठेवून घेतलं. बंगल्याच्या मागं, पाण्याच्या मोटरची खोली. एक खाट, एक बल्ब. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी झाडू दाखवला. त्यानंतर स्वयंपाक, कपडे, त्यांच्या सासूचं हगणं-मुतणं. पगाराचं मी एकदा विचारलं. “अगं, तुला आसरा दिलाय ना?” बोलताना एवढं वाईट वाटलेलं तोंड केलं, की मलाच शरम आली. मोठ्या लोकांना हे बरोबर जमतं. घेतात ते, आणि शरम आपल्याला वाटते.

हळदीकुंकवाला सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर होत्या. मॅडमच्या सासूला इंजेक्शन द्यायला यायच्या, म्हणून बोलावलेल्या. त्यांना सोफा नव्हता, दाराजवळ प्लास्टिकचं स्टूल होतं. मी स्वयंपाकघरात गेली तशा त्या मागून आल्या.

“इथं काहून राहून राहिली वं तू?”

“मॅडमनं आसरा देला.”

“आसरा? अवं, भंडाऱ्याले सरकारी केंद्र आहे बायांसाठी. घरात मार खाल्लेल्या बायांसाठीच आहे. राहाले जागा, जेवण, डॉक्टर, वकील. पोलिसात तक्रार कराले ते सोबत येतात. पैसा घेत नाई. हक्क आहे तुया.”

“मॅडमले माहीत नसन.”

सिस्टरनं हातातला कप ओट्यावर ठेवला. “मागच्या महिन्यात त्या केंद्राच्याच मीटिंगले गेल्या होत्या न त्या. कमिटीवर आहेत.”

त्या मीटिंगची साडी मी इस्त्री केली होती.

सकाळी मॅडम टेबलावर पोहे खात होत्या. मी पिशवी भरून, पोरीला चप्पल घालून समोर उभी राहिली.

“भंडाऱ्याचं केंद्र तुमाले माहीत होतं?”

त्या दचकल्या नाहीत. लिंबू पिळत राहिल्या. “तिथं काय आहे? चार भिंती. कुठल्या कुठल्या बायका येतात तिथं. तुला मी घरच्यासारखं ठेवलं.”

“घरचे मारत होते, मॅडम. तुमी दाखवत होत्या.”

चमचा थांबला. मग त्यांचा खरा आवाज निघाला. तो मी कधीच ऐकला नव्हता, आणि ऐकून मला हलकं वाटलं. “तुम्हा लोकांना उपकाराची जाणच नसते. जा. चार दिवसांत परत येशील, तेव्हा गेट उघडणार नाही.”

“बंदच ठेवा,” मी म्हटलं.

भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरली. एका ऑटोवाल्याला केंद्र विचारलं तर तो दात काढून म्हणाला, “नवऱ्यानं काढून देली का?” पोलिसाला विचारलं तर तो म्हणाला, असं काही ऐकलं नाही, घरी जा. शिंगाडे विकणाऱ्या एका बाईला माहीत होतं. टोपली तशीच सोडून ती कोपऱ्यापर्यंत आली, रस्ता दाखवला, वर पोरीच्या ओंजळीत शिंगाडे घातले. ती कोणत्याच समितीवर नव्हती.

केंद्राच्या गेटवर चौकीदार म्हणाला, “कोणी पाठवलं?”

“कोणी नाई. मी आली.”

आत एक तरुण मुलगी होती, तिथं काम करणारी. तिनं आधी पोरीला विचारलं, जेवली का. मग मला म्हणाली, काय झालं सांगा. मी तिच्याकडे पाठ केली आणि पदर काढायला लागली. सवय.

“नोको ताई,” ती झटकन म्हणाली. “ते डॉक्टर पाहतील. आतमध्ये, दार लावून. तुमी हो म्हटलं तरच.”

मला रडू नाही आलं. राग आला. एवढंच होतं? विचारायचं, आणि दार लावायचं. एवढं सोपं. मॅडमच्या बंगल्यात इतकी दारं होती.

केंद्र म्हणजे काही स्वर्ग नव्हतं. दुपारी नळ जायचा. ब्लँकेट टोचायचं. एक साहेब यायचा, तो प्रत्येक बाईला समझोत्याचं प्रवचन द्यायचा. मी म्हटलं, “साहेब, माह्या नवऱ्याले सांगा न. मारणारा तो आहे.” साहेबाला चहा आठवला. पण तिथल्या मुलीनं पोलिसात माझी तक्रार नोंदवून घ्यायला लावली, वकील गाठून दिला. तिथले दिवस संपले तेव्हा बायांच्या वसतिगृहात जागा करून दिली. पोरगी तिथून शाळेत जायला लागली. मला वकिलानं सांगितलं, नवऱ्याच्या घरात राहायचा माझा हक्क आहे, तो मला काढू शकत नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ना बापानं, ना भावानं, ना भाषणं देणाऱ्या मॅडमनं.

दिवाळीनंतर कोर्टाचा हुकूम झाला. आता मी सासरच्या घरातल्या दोन खोल्यांत राहते. चूल वेगळी, दार वेगळं, कडी आतून. हात लावला तर आत जाशील, हे नवऱ्याला ठाण्यात बसवून सांगितलंय. तो अंगणातून जातो तेव्हा खाली पाहतो. पश्चात्ताप नाही तो, भीती आहे. मला भीती चालते. गावातले लोक म्हणतात, हिनं घर कोर्टात नेलं. म्हणू दे. मी मार खात होती तेव्हा ह्याच लोकांना ऐकू येत नव्हतं.

परवा मॅडमचा फोन आला. आवाज तोच, तूप लावलेला.

“अगं, किती छान केलंस तू! आम्हाला अभिमान आहे. महिला दिनाला आपला कार्यक्रम आहे, तुझा सत्कार ठेवलाय. तू फक्त दोन शब्द बोल. समितीनं कसा आधार दिला, एवढंच.”

“येते न,” मी म्हटलं. “पण काय बोलायचं ते मी ठरवीन. मोटरच्या खोलीचं बोलीन.”

आवाजावरचं तूप उतरलं. मग, “तुला नंतर कळवते.”

कळवणार नाहीत. कळवायची गरज नाही. कार्यक्रम कुठं आहे, किती वाजता आहे, सगळं मी सिस्टरना विचारून घेतलंय. खेड्यांतल्या बाया गाड्या भरभरून आणतील, टाळ्या वाजवायला, नाश्त्याचा पुडा हातात देऊन. त्यांच्यातही कोणाला तरी घरी मार असेल. मी पोरीला घेऊन जाणार, त्या बायांच्या मधोमध बसणार, आणि मॅडमचं भाषण सुरू झालं की उभी राहणार. माइक नको मला. धान रोवण्याच्या दिवसांत या बांधीतून त्या बांधीत हाक मारून वाढलेली बाई आहे मी.

केंद्र कुठं आहे, भंडाऱ्याची बस कुठून मिळते, ते आधी सांगीन. मॅडमचं त्यानंतर.