बाजारहत्नूरचं बेट

माझ्या सासऱ्यांनी मोजली नाही अशी एकच गोष्ट या जगात शिल्लक आहे, आणि ती म्हणजे दुसऱ्याची सहनशक्ती. बाकी सगळं त्यांनी मोजून ठेवलं आहे. सरकारी मोजणी खात्यात, आमच्याकडच्या जुन्या लोकांच्या भाषेत ‘पैमाईशी’त, त्यांची सगळी नोकरी गेली. लोखंडी साखळी ओढत त्यांनी आदिलाबाद जिल्ह्यातलं एक वावर सोडलं नाही. ते रिटायर झाले तेव्हा खात्यात यंत्रं आली होती आणि साखळ्या भंगारात निघाल्या होत्या. त्यातली एक त्यांनी रीतसर अर्ज करून मागून आणली आणि घरात खुंटीला टांगली. “मशीनची बॅटरी उतरते,” ते म्हणतात, “साखळीचं काय उतरते?” साखळी हाताशी नसेल तेव्हा ते पावलांनी मोजतात. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं, बोटभर कमी नाही की बोटभर जास्त नाही. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर ते नुसती मान हलवतात, कारण तोंड उघडलं तर आतला आकडा सांडायची भीती असते.

मी इचोड्याला मास्तर आहे. बाजारहत्नूरला मुलगी पाहायला गेलो तेव्हा या माणसानं मला पगार विचारला नाही, व्यसन विचारलं नाही. पोह्यांची बशी हातात दिली आणि विचारलं, “इचोड्याच्या स्टँडपासून तुमचं घर किती दूर हाय?” मी भाबडेपणानं म्हणालो, “जवळच आहे.” “जवळ म्हंजे किती?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “म्हणजे... जवळ.” ते उठून आत गेले आणि आतून स्वच्छ ऐकू आलं, “पोरगा बरा हाय, पन अंदाजावर जगून राह्यला.” लग्न तिथेच मोडायचं. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ते स्वतः इचोड्याला आले, स्टँडपासून माझ्या दारापर्यंत चालले, आणि दार उघडल्यावर मला म्हणाले, “चारशे बारा पावलं, अन् मधात एक नाली.” तो होकार होता, हे मला संध्याकाळी कळलं.

लग्नानंतरच्या पहिल्या सहलीला आम्ही कुंतलाचा धबधबा पाहायला गेलो. प्रत्येकाच्या हातात वहीचं एकेक पान होतं आणि त्यावर त्यांच्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं, ‘धबधबा पाहणे : सात मिनिटे.’ मी गंमत समजलो. आठव्या मिनिटाला शिट्टी वाजली हो! खरीखुरी शिट्टी, खिशातून काढलेली. मी म्हटलं, “मामाजी, अजून जरा पाहू द्या की.” ते म्हणाले, “पाहून झालं ना? आता आजून पाह्यलं तर तेच दिसन.” माझी बायको मुकाट्यानं गाडीत जाऊन बसली होती. ती याच शिट्टीवर लहानाची मोठी झाली होती. या माणसाला राग येत नाही, उशीर होत नाही आणि ‘चुकलं’ हा शब्द त्यांच्या तोंडून घरात कोणी ऐकलेला नाही. सासूबाईंनी तो ऐकायची चाळीस वर्षं वाट पाहिली आणि मग नाद सोडला.

तर अशा माणसाच्या हाती मी माझा मोबाइल दिला, ही माझी चूक. आकाशातून काढलेल्या नकाशात आपलं गाव बरोबर दाखवलंय की नाही, हे त्यांना तपासायचं होतं. तपासता तपासता बोट घसरलं, जमीन संपली, सगळा पडदा निळा झाला. त्या निळ्यात एक हिरवा ठिपका होता आणि त्याभोवती फिकट कडं. सासरे कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

“जवाईबापू, हे काय हाय?”

“बेट आहे, मामाजी. अंदमानातलं. भोवतीचं ते कडं म्हणजे पोवळं. समुद्राच्या पाण्यात झाडासारखं वाढतं.”

“याच्या शेजारी कोनाचं वावर हाय?”

“कोणाचंच नाही. चारी बाजूंनी पाणी.”

“म्हंजे याले धुराच नाही?”

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. जन्मभर या माणसानं धुऱ्यावर उभं राहून भांडणं ऐकली होती. काठ्या पाहिल्या, शिव्या खाल्ल्या, एकदा तर साखळीसकट विहिरीत ढकलले गेले होते. आणि आता त्यांच्यासमोर असा एक जमिनीचा तुकडा होता की ज्याला शेजारीच नव्हता. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, “जाचं. एका दिवसाची सहल. सकाळी जाचं, संध्याकाळी परत.”

या एका दिवसाच्या सहलीला जायला-यायला चार दिवस लागणार होते. इचोड्याहून बसनं हैदराबाद, तिथून विमान, मग पोर्ट ब्लेअर, मग बोट. पण ते सगळं त्यांच्या हिशेबी सहलीत धरायचं नव्हतं, त्याला ते ‘रस्ता’ म्हणत. नवी वही आली. पहिल्या पानावर बेटाचा नकाशा उमटला, क्षेत्रफळासह : नऊ एकर सत्तावीस गुंठे. पुढे मिनिटांचे रकाने. बेटावर प्लास्टिक चालत नाही असं कळलं तर हा माणूस डगमगला नाही. भाकरी आणि ठेचा पळसाच्या पानांत बांधायचं ठरलं, आणि पाण्यासाठी माळ्यावरचा भोपळ्याचा तुंबा खाली आला. सासूबाईंचा प्रश्न वेगळाच होता. गळ्यातल्या पोतीतलं पोवळं चाचपत त्या म्हणाल्या, “हे झाडाले लागते व्हय? मंग सोनार काऊन एवढं मिरवते?”

वहीत जाणारी माणसं होती चार. सासरे, सासूबाई, मोबाइल सांभाळायला मी, आणि चौथ्या ओळीत नाव नव्हतं. माझ्या बायकोनं पहिल्याच दिवशी हात जोडून सुटका करून घेतली होती, म्हणजे ती ओळ तिची नव्हती. मी विचारलं, “मामाजी, चौथं कोण?” त्यांनी वही मिटली आणि ते बैलांना पाणी दाखवायला गेले. बैल नुकतेच पाणी प्यायले होते.

सांगितलं सासूबाईंनी. चौथी ओळ दादांची. दादा म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ, एकटेच असतात, बायको गेली, पोरं हैदराबादेत. सासरे नोकरीला लागले तेव्हा त्यांनी आपला वाटाही दादांच्या नावे करून दिला होता, इतकं दोघांचं मेतकूट. मग अकरा वर्षांपूर्वी दादांचा शेजाऱ्याशी धुऱ्यावरून वाद झाला. दोन्हीकडचे म्हणाले, मोजणी यांनीच करावी, यांची साखळी खोटं बोलत नाही. अहो, तेव्हा नाही म्हणायचं होतं! पण नाही म्हणतील तर ते माझे सासरे कसले? त्यांनी मोजलं. दादांच्या ताब्यातली दीड हात पट्टी शेजाऱ्याची निघाली, आणि त्या दीड हातात वडलांनी लावलेला आंबा उभा होता. दादा फक्त एवढंच म्हणाले, “माह्या भावाची साखळी माह्याच गळ्यात आली.” त्या दिवसापासून बोलणं बंद. लग्नात दोघे वेगवेगळ्या पंगतीत जेवत, मयतीला वेगवेगळ्या वाटेनं जात. “साखळी बरोबर होती, जवाईबापू,” सासूबाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या, “पन मानूस गेला ना.”

मला तेव्हा कळलं, की हा माणूस बेट पाहायला निघालाच नव्हता. जिथे भांडायला धुराच नाही अशा जागी भावाला नेऊन एकदा शेजारी बसवायचं, एवढाच त्यांचा बेत होता. फक्त ते सांगायचं कसं, याला वहीत रकाना नव्हता.

मार्चमध्ये कापूस संपला, पऱ्हाट्या उपटून झाल्या, वावरं मोकळी झाली, आणि सासऱ्यांनी जाहीर केलं की सहलीची तालीम होणार. तालीम म्हणजे काय, तर खऱ्या मापाचं बेट जमिनीवर आखायचं आणि दिवसभर त्यावर वागून पाहायचं! कबड्डीचं मैदान आखायला फक्की लागते ना, पांढरी भुकटी, ती मी इचोड्याहून चार पोती नेली. गावाबाहेर शाळेचं मोठं पटांगण होतं, पण ते त्यांना पसंत पडलं नाही. त्यांनी निवडली तीन वावरं, आणि त्यात एक नेमकं त्या आंब्याचं. मालकांनी हसत परवानगी दिली. दोन दिवस सासरे साखळी टाकत होते, मी फक्की ओतत होतो, आणि काळ्या रानात पांढऱ्या काठाचं नऊ एकर सत्तावीस गुंठ्यांचं बेट उभं राहत होतं. शेवटचा पूर्वेकडचा काठ तेवढा त्यांनी मला आखू दिला नाही. “थो तुमाले जमनार नाही,” म्हणाले. तो काठ दादांच्या धुऱ्याकडून जात होता.

तालमीच्या सकाळी बैलबंडीची बोट झाली. मी नावाडी. खऱ्या बोटीला बुडाशी काच असते आणि तिच्यातून पोवळं दिसतं, हे सासऱ्यांनी समजावून सांगितलं होतं, म्हणून सासूबाई बंडीच्या फळ्यांमधून वाकून खाली पाहत होत्या. गाव धुऱ्यावर बसून शेंगदाणे खात होतं.

“काय दिसून राह्यलं?” सासऱ्यांनी वहीतून डोकं वर न काढता विचारलं.

“ढेकळं.”

“तिथं ढेकळाच्या जागी पोवळं असन. दहा मिनिटं पाह्यत राहा.”

चौथ्या मिनिटालाच धुऱ्यावरचं हसणं थांबलं. पलीकडून दादा येत होते. डोक्याला पंचा, हातात काठी. मी बैल थांबवले. दादा पांढऱ्या रेघेपाशी आले, काठी टेकली आणि सासऱ्यांकडे न पाहता मला म्हणाले, “जवाईबापू, तुमच्या सासऱ्याले सांगा, फक्की माह्या वावरात आली.”

सासरेही माझ्याकडेच पाहून म्हणाले, “त्यायले सांगा, तसं होऊच शकत नाही.”

मी दोघांच्या मध्ये टपालपेटीसारखा उभा. निरोप द्यायला तोंड उघडणार, तोच दादा कडाडले, “होऊ शकत नाही म्हंजे? इकडं ये अन् डोळ्यानं पाह्य ना!”

अकरा वर्षांत भावाला बोललेलं ते त्यांचं पहिलं वाक्य. सासऱ्यांनी वही बंडीत ठेवली. चालत गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना पावलं न मोजता चालताना पाहिलं. धुऱ्यावर गुडघे टेकून त्यांनी फक्कीच्या रेघेपर्यंत हातानं माप घेतलं. कोपरापासून बोटापर्यंत एक. मग अर्धा.

“दीड हात,” ते म्हणाले.

ज्याची रेघ जन्मात बोटभर सरकली नाही, त्याची रेघ बरोबर दीड हात सरकली होती, आणि तीही भावाच्या वावरात. गावाला कळायचं ते कळलं. सासरे गुडघ्यांवरच होते. तसेच वर पाहून म्हणाले, “चुकलं माह्यं, दादा.”

बंडीत सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. दादांनी आंब्याकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, काठीनं एक ढेकूळ फोडलं. मग घोगऱ्या आवाजात विचारलं, “मंग आता? पुसतं का रेघ?”

“बेट हाय दादा थे. कापता नाही येत. ज्याच्या वावरात आलं, त्यानंच आता वर यावं लागते.”

भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलायची रीत नाही, म्हणून सासूबाई बंडीतून मला म्हणाल्या, “त्यायले म्हना, इकडं जागा हाय.” दादा रेघ ओलांडून आत आले आणि बंडीत बसले. थोड्या वेळानं तेही फळ्यांमधून खाली पाहू लागले.

आम्ही खरंच गेलो हो. पुढच्याच महिन्यात, चौघंही. इचोडा ते समुद्र सगळं वहीप्रमाणे झालं. काचेतून पोवळं पाहिलं, आणि सासूबाईंनी आपल्या पोतीतलं पोवळं काचेपाशी नेऊन ताडून घेतलं. मग बेटावर उतरताच सासरे काठाकाठानं मोजत निघाले आणि अर्ध्या तासानं घामाघूम होऊन परत आले. “जवाईबापू, बेट कमी भरून राह्यलं.” अहो, भरती होती! पाणी खालीवर होतं हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं, पण त्यानं जमीनही लहानमोठी होते हे काळ्या रानातल्या माणसाच्या ध्यानात कसं यावं? दादा वाळूत पाय पसरून बसले होते. ते म्हणाले, “समुद्रानं दाबली रे तुह्यी जमीन. लाव मोजनी!” आणि खदखदून हसले. सासरे भावाकडे पाहत राहिले. मग साखळी न लावता, वही न उघडता त्याच्या शेजारी जाऊन बसले. मागून पांढऱ्या केसांची दोन डोकी तेवढी दिसत होती. अकरा वर्षांपूर्वी त्यातलं एकही पांढरं नव्हतं, असं सासूबाई म्हणाल्या.

वहीत लिहिलं होतं, ‘बेट पाहणे : तीन तास दहा मिनिटे.’ ते संपले. बोटवाल्यानं हाक मारली. सासऱ्यांच्या खिशात शिट्टी होती, पण ती वाजेना. मी जवळ गेलो आणि म्हटलं, “मामाजी, वेळ झाली.”

“थोडं थांबा,” ते समोर पाहतच म्हणाले.

इतक्या वर्षांचं माझं उसनं फेडायची संधी मी कशी सोडणार? मी विचारलं, “थोडं म्हणजे किती?”

त्यांनी दादांकडे पाहिलं. पाणी दोघांच्या पायांपर्यंत आलं होतं आणि दोघांपैकी कोणीच पाय मागे घेतला नव्हता.

“थोडं म्हंजे थोडं,” ते म्हणाले.